एक किलोचं हेड आणि सोळा किलोचं कॅबिनेट: एका स्वस्त बेस अ‍ॅम्पचं प्रकरण

डोंबिवलीत राहणारा, आठवडाभर फोर्टात नोकरी करणारा आणि शनिवार-रविवारी हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा एक तिशीतला वादक. त्याच्याकडे 100 वॉटचा, 15 इंची स्पीकरचा जुना कॉम्बो होता, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. वजन तीस किलोच्या पुढे. लोकलने नेणं अशक्य, आणि टेम्पो केला तर मानधनातला मोठा वाटा भाड्यात. त्यामुळे कॉम्बो घरी कपाटाशेजारी पडून राहायचा आणि हा फक्त गिटार घेऊन कार्यक्रमाला जायचा. तिथे डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणाऱ्या डबीतून, सरळ मिक्सरला. पुढचं सगळं साऊंडवाल्याच्या मर्जीवर.

ऑर्केस्ट्रात बेसवाला तसा चैनीचाच माणूस. बरेच निर्माते कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर नाहीतर ट्रॅकवर भागवतात. त्यामुळे ज्याला ठेवलंय त्याला वेगळा मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःला ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, मिळण्याची आशा नसते. कीबोर्डवाल्याच्या मॉनिटरमधून जे गळून येईल त्यावर गुजराण. ऐकू येत नाही म्हणून तार जोरात ओढायची, जोरात ओढली की सूर वर सरकतो, आणि दुसऱ्या अंकापर्यंत मनगट बोलायला लागतं. त्याची तक्रार ही होती. मोठ्या आवाजाची हौस त्याला नव्हती. त्याला स्वतःचं वाजवणं ऐकायचं होतं आणि ते ज्याच्यातून ऐकू येईल ती वस्तू पाठीवरच्या सॅकमध्ये मावायला हवी होती.

म्हणून त्याने साधारण 18,000 रुपयांत 200 वॉटचं एक छोटं बेस हेड घेतलं. हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प, स्पीकरचं कॅबिनेट वेगळं लावायचं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या अख्ख्या वर्गाला लागू आहे. ट्रेस एलियटचं एल्फ, वॉरविकचं नोम, गॅलियन-क्रूगरचं एमबी 200, टीसी इलेक्ट्रॉनिकचं बॅम 200 हे सगळे एकाच घरातले भाऊ: 4 ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरकडून विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) 200 वॉट, वजन किलोभर किंवा त्याहूनही कमी. मी लाइव्ह साऊंडचं काम करतो आणि गरज पडली की बेसही धरतो. त्यामुळे खोकं उघडल्यापासून पहिल्या काही कार्यक्रमांपर्यंत या हेडसोबत मी होतो.

हातात घेतल्यावर

पहिली प्रतिक्रिया प्रत्येकाची एकच: "एवढंच?" बँकेच्या पासबुकापेक्षा थोडं मोठं खोकं. पुढे पाच नॉब: गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी), बेस, मिड, ट्रेबल, मास्टर (शेवटचा आवाज). मागे विजेच्या वायरीची खोबण, स्पीकरसाठी एक जॅक, डीआयसाठी एक्सएलआर (माइकच्या केबलचा तीन पिनांचा जॅक) आणि शेजारी ग्राऊंड लिफ्टचा बारीक स्विच. हेडफोनची सोयही आहे. बॉडी धातूची, नॉब प्लास्टिकचे पण घट्ट बसलेले, डुगडुगत नाहीत. या किमतीत मी नॉब आधी हलवून बघतो. नॉबची दांडी थेट सर्किट बोर्डावर बसवलेली असेल तर सॅकमधल्या एका धक्क्याने सोल्डर सुटतो, आणि असं खोकं दुरुस्त करून देणारा मेकॅनिक शोधण्यात महिना जातो.

हलकेपणाचा एक गमतीशीर तोटा पहिल्याच दिवशी दिसला. स्पीकरची केबल जाड आणि ताठ होती. ती मागे लावल्याबरोबर तिच्याच वजनाने हेड कॅबिनेटवरून मागे घसरायला लागलं. खालच्या रबरी पायांना पकड देण्याइतकंही वजन त्या खोक्याला नाही. शेवटी वेल्क्रोची पट्टी चिकटवली. वेल्क्रो आता त्याच्या सामानाच्या यादीत कायमचं आहे.

वजन गेलं कुठे

1969 साली आलेलं अँपेगचं एसव्हीटी हेड 300 वॉटचं. आत 14 व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), वजन सुमारे 38 किलो, आणि त्याच्या जोडीला 10 इंची आठ स्पीकरांचं कपाटाएवढं कॅबिनेट. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या दौऱ्यात ते वापरलं आणि रॉकच्या रंगमंचावर बेसचा आवाज कसा असावा याचं माप ठरून गेलं. त्या वजनातला मोठा वाटा लोखंडाचा, म्हणजे वीज घेणाऱ्या आणि स्पीकरला पोचवणाऱ्या दोन ट्रान्सफॉर्मरांचा.

आजच्या छोट्या हेडमध्ये दोन्हीकडचं लोखंड निघून गेलंय. भिंतीतली 50 हर्ट्झची वीज आधी डीसी करून मग सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडली जाते. वारंवारता जेवढी जास्त तेवढा ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, त्यामुळे किलोकिलोंच्या लोखंडाऐवजी मुठीत मावणारा फेराइटचा गाभा पुरतो. मोबाइलचा चार्जर याच तत्त्वावर चालतो. पुढचा भाग क्लास डी. यातले ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतात नाहीतर पूर्ण बंद, मधल्या अवस्थेत रेंगाळत नाहीत. मधे रेंगाळणं म्हणजेच उष्णता, आणि उष्णता कमी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे मोठे हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे ठोकळे, नकोत. सगळा हलकेपणा एवढ्यातच आहे. त्यात आवाज पातळ व्हावा असं काही कारण नाही. "हलका अ‍ॅम्प म्हणजे हलका आवाज" हे आपल्याकडच्या जुन्या वादकांचं ठाम मत आहे. ते का तयार झालं असावं ते रिहर्सल रूममध्ये कळलं.

रिहर्सल रूम: खरी परीक्षा

घरच्या चाचणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हेडफोन लावून रात्री वाजवता येतं, शेजारी दार ठोठावत नाहीत. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, इथे ती भीती नाही. बारीकसा पंख्यासारखा आवाज शांत खोलीत जाणवतो, ढोलकी सुरू झाली की विसरायला होतो.

रिहर्सलला त्याने स्वतःचं कॅबिनेट आणलं होतं. सेकंडहँड घेतलेलं, 12 इंची एक स्पीकर, 8 ओहम, वजन सोळा किलो. ड्रमवाला, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, दोन गिटार असा पूर्ण ताफा. पहिलं गाणं सुरू झालं आणि बेस गायब. त्याने मास्टर वाढवला, मग बेसचा नॉब तीनच्या काट्यावर नेला. आता आवाज जाड झाला, पण प्रत्येक सुराचं तोंड दाबल्यासारखं. सूर सुरू होतो आणि लगेच बसतो. आतला लिमिटर, म्हणजे ताकद मर्यादेबाहेर जायला लागली की आवाज दाबणारं सर्किट, कामाला लागला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. "काका, दोनशे वॉट आहेत ना हे? माझा जुना शंभराचा याच्यापेक्षा बरा होता."

इथे तीन गोष्टी एकावर एक बसल्या होत्या.

एक तर 200 वॉट हे 4 ओहमला. त्याचं कॅबिनेट 8 ओहमचं, म्हणजे हातात साधारण 120 ते 130 वॉट. शिवाय वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॉटला 3 डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) मिळतात आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डीबी लागतात. शंभराचे सव्वाशे झाल्याचा फरक 1 डीबीच्या आसपास, गर्दीत कोणाला कळणारही नाही. या आकड्यात जाहिरातवाल्यांनी लपवलेलं काही नव्हतं. "4 ओहमला" असं खोक्यावर स्वच्छ छापलेलं असतं, फक्त वाचायची सवय कोणाला नसते.

दुसरं, बेसचा नॉब. तो 10 डीबीने वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडे दहापट ताकद मागणं. चार तारांच्या बेसवरचा सगळ्यात खालचा ई सुमारे 41 हर्ट्झचा. एवढा खालचा सूर 12 इंची एका स्पीकरच्या छोट्या पेटीतून मुळात नीट निघत नाही. ताकद मागायची, ती स्पीकरच्या पडद्याला नुसतं पुढे-मागे ढकलण्यात घालवायची, आणि कानापर्यंत काही पोचत नाही. शिवाय खालच्या सुरांचा मूळ कंप कमी आला तरी वरच्या स्वरांशांवरून कान तो सूर ओळखून घेतो. वाद्यमेळात बेस "ऐकू येतो" तो बऱ्याचदा मधल्या पट्ट्यातून, 500 हर्ट्झपासून वर 800-1000 पर्यंत.

म्हणून आम्ही उलटं केलं. बेसचा नॉब परत बाराच्या काट्यावर, किंचित खालीच. मिड दोनच्या काट्यावर. गेन इतका की जोरात वाजवल्यावरच लाल दिवा क्षणभर डोळा मारेल. मास्टर मोकळा. एकट्याने वाजवताना हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो, त्याने तोंड वाकडं केलंच. पण गाणं सुरू झाल्यावर ड्रमवाल्याने मान वर करून बघितलं, कारण पहिल्यांदाच त्याला बेसची ओळ किक ड्रमच्या बाजूला स्वच्छ दिसत होती.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. त्या रूममध्ये 10 इंची चार स्पीकरांचं एक जुनं कॅबिनेट होतं, तेही 8 ओहमचंच. तेच हेड, तेच नॉब, फक्त केबल काढून तिकडे लावली. खोली भरली. वादकाने नकळत मास्टर खाली घेतला.

फरक कॅबिनेटच्या सेन्सिटिव्हिटीचा. 1 वॉट दिल्यावर 1 मीटरवर किती डीबी आवाज मिळतो तो आकडा. छोट्या एकस्पीकरी पेटीत आणि मोठ्या चारस्पीकरी पेटीत 5-6 डीबीचं अंतर असणं अगदी सामान्य, आणि 6 डीबी म्हणजे चौपट वॉट. त्याच्या सव्वाशे वॉटचं काम मोठ्या पेटीतून पाचशे वॉटसारखं वाटत होतं ते यामुळे. केएलएच या अमेरिकन कंपनीतला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा मुलगा. स्पीकर बनवणारे त्याच्या नावाने एक नियम सांगतात: लहान पेटी, खालचे सूर आणि मोठा आवाज, यातले कोणतेही दोन घ्या, तिसऱ्यावर पाणी सोडा. अ‍ॅम्पच्या तंत्रज्ञानाने लोखंड संपवलं, पण हवा ढकलण्याचं गणित होतं तिथेच आहे. जुन्या वादकांना हलकं हेड पातळ वाटतं, कारण हलकं हेड घेणारा माणूस त्याच्यासोबत पेटीही हलकीच घेतो, आणि दोष मात्र हेडच्या माथी जातो.

केबलची भानगड

त्याच रात्री मी त्याची स्पीकर केबल तपासली. पहिल्या दिवशीची ती जाड केबल दुकानातून उसनी आणलेली होती. ती परत केल्यावर त्याने गिटारची केबल स्पीकरला लावली होती. दिसायला दोन्हींचे जॅक सारखे, त्यामुळे ही चूक जाणकारही करतात. गिटारच्या केबलमध्ये आतली तार केसासारखी बारीक असते, तिला अगदी थोडा करंट वाहायचा असतो. इथे 8 ओहमला सव्वाशे वॉट म्हणजे शिखरावर नाही तर सरासरीतही जवळपास 4 अँपियर. केबल तापते, ताकद तारेतच जिरते, आणि नशीब वाईट असेल तर आतलं आवरण वितळून शॉर्ट. लॅमिंग्टन रोडवरून दीड चौरस मिलिमीटरची दोन कोअरची वायर आणि दोन चांगले जॅक आणून मी त्याला केबल करून दिली. अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात स्वस्त सुधार.

आणखी एक. क्लास डीच्या अनेक हेडमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, एकही टोक ग्राऊंड नसतं. म्हणून स्पीकरच्या आउटपुटमधून "जरा मिक्सरला लाइन काढू" असला जुगाड इथे कधीही करू नये. मिक्सरला द्यायला डीआय दिलेला आहे.

नाट्यगृहात

पहिला खरा कार्यक्रम बंदिस्त नाट्यगृहात झाला. तिथे मांडणी अशी: सोळा किलोचं कॅबिनेट टेम्पोत इतर सामानासोबत आलं, हेड त्याच्या सॅकमध्ये. कॅबिनेट मागे जमिनीवर न ठेवता खुर्चीवर तिरपं, थेट त्याच्या कानाकडे. डीआय मिक्सरला. प्रेक्षकांपर्यंत बेस पोचवण्याची जबाबदारी हॉलच्या स्पीकरांची, आणि या छोट्या पेटीचं काम दोन मीटरवर उभ्या माणसाला ऐकवण्याचं. या कामासाठी सव्वाशे वॉट पुरून उरतात. कानापाशी आणलेली लहान पेटी पायाशी ठेवलेल्या मोठ्या पेटीपेक्षा उपयोगी, हे मी आता कोणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.

साऊंडवाल्याशी एक छोटी चकमक झाली. या हेडमध्ये डीआयचा सिग्नल ईक्यूच्या (बेस, मिड, ट्रेबल या नॉबच्या) नंतर आणि मास्टरच्या आधी निघतो. म्हणजे वादकाने स्वतःसाठी मास्टर कमी-जास्त केला तर हॉलमध्ये काही फरक नाही, ते उत्तम. पण मिड फिरवला की तो हॉलमध्येही फिरतो. तिसऱ्या गाण्यानंतर मिक्सरवरून आवाज आला, "अहो बेसवाले, तुमचा टोन दर गाण्याला का बदलतोय?" त्यानंतर ठरलं की साऊंड चेक झाला की बाकी चार नॉबना हात नाही, फक्त मास्टर त्याचा. महागड्या हेडवर डीआय ईक्यूच्या आधी की नंतर हे निवडायचा स्विच असतो. या किमतीत तो मिळाला तर घ्यावा, मला विचाराल तर जादा 100 वॉटपेक्षा त्याचं मोल जास्त.

मनगटाचं म्हणाल तर मध्यंतरात तो चहा पिताना बोटं मोडत नव्हता. मला तेवढं पुरलं.

मैदानावर

मग आला एका सोसायटीचा गणपतीतला कार्यक्रम. मंडप, जनरेटर, आणि मंडपवाल्याने तीन दिशांना ओढलेली वायर. हेड सुरू केल्याबरोबर भुणभुण. डीआयची केबल काढली तर भुणभुण बंद, लावली की परत. म्हणजे मिक्सर आणि हेड यांच्या अर्थिंगमधून वर्तुळ तयार झालेलं, एक जनरेटरवर आणि दुसरं सोसायटीच्या मीटरवर. तिथल्या एका मदतनिसाने पक्कड काढून शांतपणे सुचवलं, "दादा, प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाकू, लगेच जाईल." जातेच. सोबत धातूच्या बॉडीचं संरक्षणही जातं. मग एका हातात बेसच्या तारा आणि ओठ माइकला लागलेले अशा वेळी 230 व्होल्टचा बिघाड झाला तर वाट थेट वादकाच्या अंगातून. या कारणाने रंगमंचावर माणसं गेलेली आहेत. याबाबतीत माझ्याकडे चर्चा नसते.

ग्राऊंड लिफ्टचा बारीक स्विच याचसाठी असतो. तो डीआयच्या केबलमधलं ग्राऊंड तोडतो, विजेच्या वायरीतलं अर्थिंग शाबूत ठेवतो. पेनच्या टोकाने ढकलला, भुणभुण जवळजवळ गेली. उरलेली, हेडचा प्लग मिक्सरच्याच बोर्डवर हलवल्यावर गेली. बोर्डच्या अर्थिंगमध्ये खरंच काही जोडलंय का ते मी टेस्टरने आधी पाहून घेतलं. मंडपात तीन भोकांचा सॉकेट दिसतो, तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही.

उघड्या मैदानात आवाज परतवायला भिंती नसतात. त्यामुळे नाट्यगृहात पुरलेली छोटी पेटी इथे अपुरी पडली आणि त्याने साइड मॉनिटरमध्ये थोडा बेस मागून घेतला. साऊंडवाल्याने दिला, कारण सिग्नल स्वच्छ येत होता. प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांशिवाय, फक्त या हेडवर आणि 12 इंची एका पेटीवर ड्रमवाल्यासोबत मैदान वाजवायची कोणाची कल्पना असेल तर ती आत्ताच सोडून द्यावी. पाच तारांचा बेस असेल तर आणखीच, त्याचा खालचा बी 31 हर्ट्झच्या घरात जातो.

हिशेब

पैशांच्या दृष्टीने बघितलं तर 18,000 मध्ये त्याला तीन वस्तू मिळाल्या: बरा प्रीअ‍ॅम्प, भरवशाचा डीआय आणि घरी हेडफोनवर रियाज करायची सोय. चौथी वस्तू म्हणजे वॉट, त्या बोनस समजाव्यात. ज्याच्याकडे चांगलं कॅबिनेट आधीच आहे किंवा ज्याच्या रिहर्सल रूममध्ये, चर्चमध्ये, हॉलमध्ये कॅबिनेट कायमचं पडून असतं त्याने हे डोळे झाकून घ्यावं. गोव्यात लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे बरेच जण नेमके असेच फिरतात, खांद्यावर गिटार आणि कप्प्यात हेड. ज्याच्याकडे कॅबिनेट नाही आणि एकूण बजेट 25,000 आहे, त्याला मी आधी चांगली पेटी सेकंडहँड शोधायला सांगेन, हेड नंतर.

सध्या त्याचं 12 इंची कॅबिनेट रिहर्सल रूममध्येच असतं आणि कार्यक्रमाच्या टेम्पोत चढतं. तो स्वतः लोकलने येतो. तशाच आणखी एका 8 ओहमच्या कॅबिनेटवर त्याची नजर आहे. दोन्ही एकत्र लावली की 4 ओहम होतील, हेड पूर्ण 200 वॉट देईल आणि दोन पेट्यांनी मिळून ढकललेली हवा धरून साधारण 5 डीबीची भर पडेल. तिसरं लावायचं नाही, 4 ओहमच्या खाली हे हेड जात नाही. विकणारा ठाण्याचा आहे, किमतीवर अडलंय.